'मेदवेदेव' आडनावात मध कुठून आला? अस्वलाच्या स्लाव्हिक नावाची गोष्ट

दिमित्री मेदवेदेव २००८ ते २०१२ या काळात रशियाचे राष्ट्राध्यक्ष होते. टेनिसपटू डॅनिल मेदवेदेवने २०२१ मध्ये यूएस ओपन जिंकली. दोघांच्या आडनावाचा अर्थ 'अस्वलाचा' असा होतो. रशियन भाषेत अस्वलाला 'मेदवेद' म्हणतात आणि 'एव' हा प्रत्यय साधारण आपल्या 'चा'सारखा आहे.

हा शब्द आदि-स्लाव्हिक भाषेतून आलाय. रशियन, पोलिश, सर्बियन या सगळ्या तिच्या लेकी. आदि-स्लाव्हिकमध्ये लिहिलेला मजकूर मात्र उपलब्ध नाही. लेकी भाषांमधले शब्द ताडून अभ्यासकांनी तिची रूपं बांधली आहेत, म्हणून अशा शब्दाआधी तारांकन लावतात: *मेद्वेदि. शेवटची 'इ' अगदी निसटती.

याचा अर्थ 'मध जाणणारा' असं अनेकदा सांगितलं जातं. स्लाव्हिकमध्येही 'वेद' म्हणजे जाणणं, त्यामुळे आपल्याला तर ते लगेच पटतं. पण ही फोड चुकीची आहे. खरी फोड 'मेदु' (मध) अधिक 'एद' (खाणं) अशी आहे, म्हणजे मध खाणारा. पुढे स्वर आल्यामुळे 'उ'चा 'व' झाला. शाळेत शिकलेला मनु + अंतर = मन्वंतर हा संधी आठवा. संस्कृतमध्येही याच घडणीचा 'मध्वद्' शब्द आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात तो येतो, फक्त तिथे मध खाणारे पक्षी आहेत.

मग अस्वलाचं जुनं नाव कुठे गेलं? संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्टोस' आणि लॅटिन 'उर्सुस' हे एकाच मुळातून आलेत. स्लाव्हिकमधून मात्र ते मूळ नाहीसं झालं. नाव घेतलं तर अस्वल समोर येईल या भीतीने लोक ते टाळत असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे खेड्यात रात्री सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात, तसंच काहीसं.

शब्द चालायचा 'कवि'सारखा, म्हणजे इकारान्त पुल्लिंगी. संस्कृतसारखं द्विवचनही होतं. एकवचनात षष्ठी, चतुर्थी आणि सप्तमी या तिन्ही विभक्तींचं रूप एकच, *मेद्वेदी. 'अस्वलाचा' की 'अस्वलाला', हे संदर्भावरूनच कळायचं. कदाचित म्हणूनच हा गट पुढे टिकला नाही. आजच्या रशियनमध्ये षष्ठीचं रूप 'मेदवेद्या' असं दुसऱ्याच गटातलं आहे. जुन्या पद्धतीने चालणारा पुल्लिंगी शब्द तिथे एकच उरलाय: 'पुत', म्हणजे रस्ता. आपल्या 'पंथ'चा नातेवाईक.