वॉरन हिलवरचा बडोदेकर तबेला

गायकवाडांचे राज्य उभे राहिले ते घोड्याच्या पाठीवर. पागा, शिलेदार, बारगीर, मोतद्दार ही त्या राज्याच्या दफ्तरातील रोजची भाषा होती. पुढे तैनाती फौजेच्या काळात घोडदळाचे लढाऊ महत्त्व ओसरले आणि पागेला प्रामुख्याने स्वारी-शिकारीची शोभा उरली. परंतु घोड्याचा नाद मात्र राजघराण्यातून गेला नाही. तो सर्वांत प्रखर झाला प्रतापसिंहराव गायकवाडांच्या ठिकाणी, आणि त्याचे केंद्र बडोद्यापासून हजारो मैल दूर, इंग्लंडातील न्यूमार्केट या गावी स्थिरावले.

प्रतापसिंहराव १९३९ साली, आजोबा सयाजीराव महाराजांच्या निधनानंतर गादीवर आले. महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली, तेव्हा ती बडोद्याच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. मुंबईतील या यशाने महाराजांचे समाधान झाले नाही. महायुद्ध संपताच त्यांनी न्यूमार्केटच्या वॉरन हिल या टेकडीवरील 'वॉरन प्लेस' हे स्थान हाती घेतले. सॅम आर्मस्ट्राँग यांना तेथे प्रशिक्षक नेमले, आणि आयर्लंडातील किल्डेअर परगण्यात पैदासीसाठी स्वतंत्र स्टड उभारला. 'बडोदा' हेच त्याचे नाव.

शर्यतीच्या घोड्याची पैदास म्हणजे केवळ देखणी शिंगरे वाढविणे नव्हे. इंग्लंडात १७९१ पासून जातिवंत घोड्यांची वंशावळ छापून ठेवण्याची प्रथा आहे, आणि ती देशमुख-देशपांड्यांच्या वंशावळींपेक्षा काकणभर अधिकच काटेकोर असते. बाप कोण, आई कोण, सख्खे भावंड काय करून गेले, यावर शिंगराची किंमत ठरते. १९४५ सालच्या लिलावात याची प्रचीती आली. त्या वर्षीची इंग्लिश डर्बी 'दान्ते' या घोड्याने जिंकली होती. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे 'नेअर्को' आणि 'रोझी लेजंड' यांचे शिंगरू, विक्रीस आले. प्रतापसिंहरावांनी त्यासाठी २८,००० गिनी मोजल्या. पौंडांत ही रक्कम २९,४०० होते आणि त्या काळच्या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये. एक वर्षाच्या शिंगराला तेथे तोवर एवढी किंमत आली नव्हती.

महाराजांनी त्याचे नाव ठेवले 'सयाजीराव'.

या नावाचा विचार बडोद्याच्या वाचकाने थोडा थांबून करावा असा आहे. ज्या सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी ग्रंथालये काढली, त्यांचे नाव आता डॉनकास्टरच्या मैदानावर गर्जणार होते. नातवाच्या मनात त्यामागे आदरच होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या आजोबांना हा खर्च रुचला असता का?

घोड्याने मात्र नाव राखले. १९४७ साली टू थाउजंड गिनीज आणि डर्बी या दोन्ही शर्यतींत तो तिसरा आला, पण आयरिश डर्बी त्याने जिंकली. सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, पावणेदोन मैलांहून लांब पल्ल्याच्या सेंट लेजर शर्यतीत त्याने 'अर्बार' या फ्रेंच घोड्याला डोक्याच्या अंतराने मागे टाकले. स्वार पुन्हा एडगर ब्रिटच. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये जन्मलेल्या 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज जिंकून वॉरन प्लेसला लागोपाठ दुसऱ्या वर्षी क्लासिक शर्यतीचे यश मिळवून दिले. त्याचे मूळ नाव 'लेरँ' होते. बाबू तो बडोद्याचा झाल्यावर.

इकडे बडोद्यात वारे फिरले होते. १९४८ साली डॉ. जीवराज मेहता दिवाण झाले आणि तिजोरीतून महाराजांनी उचललेल्या रकमांचा हिशेब विचारला जाऊ लागला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५१ साली महाराजांची मान्यताही गेली. त्याच १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ त्यांच्याच पाठबळाने स्थापन झाले, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. उधळपट्टीचे माप पदरात घालताना हेही माप घालणे न्यायाचे.

वॉरन प्लेस १९५२ च्या सुमारास नोएल मर्लेस यांच्याकडे गेले आणि नंतर त्यांचे जावई हेन्री सेसिल यांच्याकडे. 'सयाजीराव' पैदासीसाठी आयर्लंडात राहिला. त्याची मुलगी 'ग्लॅडनेस' हिने १९५८ साली अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकला, तर मुलगा 'इंडियाना' याने १९६४ साली बापाचीच सेंट लेजर. वॉरन प्लेसच्या तबेल्यातून २०१० ते २०१२ या काळात 'फ्रँकेल' १४ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. बापाकडून त्याचे कूळ थेट नेअर्कोपर्यंत, म्हणजे सयाजीरावाच्या बापापर्यंत, जाऊन पोहोचते. तोही नेअर्को आपल्या १४ शर्यतींत अजिंक्यच होता.

किल्डेअरमधील त्या स्टडचे नाव पुढेही 'बडोदा' असेच राहिले.