ऑपरेशनच्या आधीची यादी

माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर चौदा कामांची यादी स्टेपल केलेली आहे. रक्ततपासण्या, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, दोन आठवडे पातळ आहार. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला अजून नऊ दिवस आहेत. यादी बघून आई म्हणाली, "अगं, माझी पिशवी काढली तेव्हासुद्धा एवढं केलं नव्हतं." मलाही आधी ही बिल वाढवायची युक्ती वाटली होती. मग रांगेत बसल्या बसल्या एकेक ओळ कुठून आली, ते मी मोबाइलवर शोधायला लागले.

पहिली ओळ बीएमआयची. माझा ३४ आहे. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं हे गणित बेल्जियमच्या आदॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञानं १८३०च्या दशकात मांडलं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आजारी माणूस नव्हे. १९७२मध्ये अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. आणि १९९१मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या परिषदेत ऑपरेशनची रेषा ठरली: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. मला चार वर्षांपासून मधुमेह आहे, तरी त्या रेषेनुसार मी बाद.

ही रेषा आपल्याला लागू पडत नाही हे दाखवणाऱ्या संशोधनातलं एक माझ्याच शहरातलं, पुण्यातलं आहे. २००४मध्ये केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या अंगात चरबी जास्त आणि मधुमेहही लवकर. २००९मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आजार सोबत असेल तर ऑपरेशनसाठी ३२.५ हा आकडा सुचवला. त्यामुळे मी आत आले.

मग रक्ततपासण्या: यकृत, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व. १९५४मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करायची पद्धत मांडली. अन्न अंगी लागण्याआधीच पुढे जाणार, म्हणजे वजन उतरणार. ते उतरलंही. पण मागोमाग सततचे जुलाब, मूतखडे आणि जीवनसत्त्वांची कमतरता आली. काहींचं यकृत निकामी झालं, त्यात माणसं गेली. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. मी बाटलीत रक्त देते, तेव्हा त्या पेशंटांची आठवण येते.

आयोवाचे एडवर्ड मेसन वेगळ्या वाटेनं गेले. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९६६मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. माझं होणार आहे ते स्लीव्ह. त्यात जठराचा मोठा भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. सुरुवातीला हा फक्त पहिला टप्पा होता, ज्यांना मोठं ऑपरेशन एका दमात झेपणार नाही त्यांच्यासाठी. काहींना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही.

१९९९मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडलं. मेंदूला भुकेचा निरोप देणारं हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये निघतो तो भाग त्याचा मोठा कारखाना. "तोंडावर ताबा ठेव" हे मी शाळेपासून ऐकत आलेय. हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

सध्या पातळ आहाराचा पाचवा दिवस चालू आहे. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो चरबीनं फुगलेला असेल, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आडवा येतो. कमी उष्मांकांवर दोन आठवडे काढले की तो आकसतो. मी प्रोटीन पावडर, ताक आणि डाळीच्या पाण्यावर आहे. मला वास येऊ नये म्हणून आईनं फोडणी बंद केलीये. ती रोज दहीभात खाते.

सगळ्यात अवघड गेली ती मानसोपचारतज्ज्ञांची ओळ. १९९१च्या परिषदेनंच सांगितलं होतं की पेशंटची निवड एकट्या सर्जननं करू नये. मॅडमनी विचारलं, "वाईट वाटलं की काय खाता?" मी म्हटलं, बाकरवडी. "आणि ऑपरेशननंतर वाईट वाटलं तर?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी सही न करता पुढची तारीख दिली. बाबा गेल्यापासून मी रात्री एकटी बसून खाते, हे मी दुसऱ्या खेपेला सांगितलं. आईला ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

यादीत शेवटी संमतीपत्र आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर, असं त्यात लिहिलंय. काल आईनं विचारलं, "एवढं सगळं करूनही नाही म्हणता येतं ना?" येतं. मी अजून सही केलेली नाही. तीन प्रश्न लिहून ठेवलेत. ते विचारीन, उत्तरं पटली तर सही करीन.