हाडांची बळकटी : आहार व व्यायाम (विशेष संदर्भ : बेला परिसर, जि. आदिलाबाद)

हाड ही जिवंत ऊती आहे. जुने हाड झिजून नवे भरण्याची क्रिया त्यात जन्मभर चालते. वाढत्या वयात भर जास्त असते, तिशीनंतर हळूहळू झीज वरचढ होते. पंचविशी-तिशीपर्यंत खनिजांचा जेवढा साठा होतो, त्यावर उरलेले आयुष्य काढावे लागते. स्त्रियांत पाळी थांबल्यानंतरच्या ५ ते ७ वर्षांत इस्ट्रोजेन घटल्यामुळे ही झीज सर्वांत वेगाने होते. काहींच्या हाडांतील पाचवा हिस्सा एवढ्या काळातच जातो. पुरुषांत झीज उशिरा व संथ होते.

परिसर : बेला हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे सीमावर्ती मंडळ. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे महाराष्ट्र. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि त्याचेच राजुरा व किनवट हे तालुके मराठी मुलखात गेले. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंची भाषा, शेती आणि ताट बरेचसे एक आहे. पिके मुख्यतः कापूस, सोयाबीन व तूर. घरचे जुने अन्न ज्वारीची भाकर; आता रेशनच्या तांदळाने तिची बरीच जागा घेतली आहे.

आहार : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था (हैदराबाद) यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १,००० मिग्रॅ., तर पाळी थांबलेल्या व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना १,२०० मिग्रॅ. कॅल्शियम हवे. आधीच्या शिफारशीत प्रौढांसाठी हा आकडा ६०० होता. भाकर खाणाऱ्याची हाडे आपोआप दणकट होतात, ही समजूत आकड्यांवर टिकत नाही. १०० ग्रॅ. ज्वारीत कॅल्शियम सुमारे २८ मिग्रॅ., पांढऱ्या तांदळात त्याहूनही पुष्कळ कमी. नाचणीत मात्र सुमारे ३६४ मिग्रॅ.; पण नाचणी हे या काळ्या रानाचे पीक नव्हे. खरा आधार भाकरीसोबतच्या पदार्थांचा असे. शेवग्याच्या (मुनग्याच्या) पाल्यात १०० ग्रॅमला सुमारे ३१४ मिग्रॅ., म्हशीच्या दुधात १२१, तर पांढऱ्या तिळात १,२०० हून अधिक मिग्रॅ. कॅल्शियम असते. तीळ-जवसाची चटणी व ताक हे तोंडी लावणे समजले गेले, तरी हाडांच्या दृष्टीने ताटातला सर्वांत मोलाचा भाग तोच होय. कापूस-सोयाबीनच्या सलग पेऱ्यात बांधावरचा आणि आंतरपिकातला तीळ मागे पडतो, याची दखल पोषणाच्या चर्चेत घ्यायला हवी. पालकातील कॅल्शियम ऑक्झलेटमुळे फारसे शोषले जात नाही. हाडांना लागणाऱ्या प्रथिनांसाठी तूर, हरभरा व अंडी पुरेशी ठरतात. तेलंगणातील आरोग्यलक्ष्मी योजनेत (२०१५ पासून) गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत जेवणासोबत २०० मिलि. दूध व अंडे देण्याची तरतूद आहे. एवढ्या दुधातून दिवसाच्या गरजेचा सुमारे पाचवा भाग भागतो.

ड जीवनसत्त्व : कॅल्शियम शोषले जाण्यास आवश्यक. मुख्य स्रोत ऊन.

पाणी व फ्लोराइड : हाडांवरच्या बहुतेक लिखाणात हा विषय येत नाही, पैनगंगा खोऱ्यात तो टाळता येत नाही. नदीपलीकडच्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिग्रॅ. असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ.पर्यंत पाणी चालते. याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास आधी मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात. पुढे मान, कंबर व सांधे आखडतात. क्ष-किरण चित्रात असे हाड अधिक घट्ट दिसते, पण दाट म्हणजे बळकट नव्हे. आहारात कॅल्शियम कमी असेल तर ही विकृती अधिक वाढते.

या विकाराची (फ्लोरोसिसची) भारतातील पहिली नोंद १९३७ मध्ये नेल्लोर भागातून झाली. १९७३ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी फ्लोराइडग्रस्त भागातील तरुणांमधील गुडघे आत वळण्याच्या विकृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये लक्ष्मय्या व श्रीकांतिया यांनी दाखवले, की भातप्रधान आहाराच्या तुलनेत ज्वारीप्रधान आहारावर शरीरात फ्लोराइड अधिक साठून राहते. ज्वारीतील मॉलिब्डेनममुळे तांबे शरीराबाहेर जाते व त्यातून गुडघ्यांची विकृती होते, असेही मत मांडले गेले. त्यावर एकमत नाही. यावरून ज्वारी सोडावी असा अर्थ काढणे चुकीचे होईल. बदलायचे आहे ते पाणी. ते उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) १९७० च्या दशकात विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी, चुना व विरंजक चूर्ण घालून पाणी ढवळतात, निवळू देतात व गाळून घेतात. तेलंगणात २०१६ पासून मिशन भगीरथमार्फत नद्या-जलाशयांचे शुद्ध केलेले पाणी नळाने दिले जाते. नळ बंद पडल्यावर लोक पुन्हा हातपंपाकडे वळतात, म्हणून हातपंपाच्या पाण्याचीही तपासणी होत राहणे अगत्याचे आहे.

व्यायाम : हाड त्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवते, हा सिद्धांत जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, तर अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ टक्क्याहून अधिक घटते. उड्या, धावणे, दोरी, लंगडी, खो-खो हे वाढत्या वयात सर्वांत उपयोगी. पोहणे व सायकल हृदयाला चांगली, हाडांना कमी. दिवाळीच्या सुमारास राजगोंडांच्या दंडारी उत्सवात होणारे गुसाडी नृत्य जमिनीवर पाय आपटत चालते, त्यामुळे त्याची गणना हाडांना उपयोगी व्यायामात करता येईल. उतारवयात चालण्यासोबत आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव हवा, कारण खुब्याचे हाड बहुधा पडल्यानेच मोडते.

शेतमजुरी करणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाची गरज नाही आणि म्हणून तिच्या हाडांचीही काळजी नाही, असे गृहीत धरले जाते. पण संशोधक वीणा शत्रुघ्न व सहकाऱ्यांनी हैदराबादेतील अल्प उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे कॅल्शियमचे सरासरी सेवन रोज ३०० मिग्रॅ.च्याही आत होते आणि खुब्यातील हाडांची विरळता मोठ्या प्रमाणावर आढळली. कापूस वेचणे, सरपण व पाण्याचा भार वाहणे यांतून हाडांवर ताण येतो, पण भरायला खनिजच नसेल तर कष्टाने हाड वाढत नाही. शरीर रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी हाडातूनच काढून घेते. लागोपाठची बाळंतपणे व अपुरे जेवण यांनी ही तूट आणखी वाढते. या वर्गाला दूध, तीळ व अंडी मिळणे हा व्यायामाच्या सल्ल्याआधीचा प्रश्न आहे.

पारंपरिक उपचार : हाडजोड (अस्थिशृंखला) या वेलीचा वापर मोडलेल्या हाडासाठी होतो, मानवी चाचण्या मर्यादित आहेत.

तंबाखू व मद्य : दोन्हींमुळे हाडे ठिसूळ होतात.

तपासणी : जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार घनतामापनात टी-अंक (तरुण, निरोगी व्यक्तींच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास अस्थिविरलता मानतात. फ्लोराइडग्रस्त भागात घनता वाढलेली दिसू शकत असल्याने तेथे केवळ या अंकावर निष्कर्ष काढू नये. पिण्याच्या पाण्याचा स्रोतही विचारावा.