पोस्टकार्डाएवढा मार्च

2023 च्या जूनमध्ये प्रोजेक्टच्या कृपेने मी मँचेस्टरला होतो. शुक्रवारी दुपारी टीममधला एकजण म्हणाला, संध्याकाळी मोकळा असशील तर चल, बँड ऐकायला जाऊ. मला वाटलं रॉक बँड! ट्रेनने ग्रीनफील्डला उतरलो, चढ चढून डॉबक्रॉस नावाच्या गावात पोचलो आणि बघतो तर काय, अरुंद दगडी रस्त्यावरून पंचवीसेक जण कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा वाजवत चाललेत. दोन्ही बाजूंना बियरचे ग्लास घेऊन ही गर्दी. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो म्हणजे वरात. फक्त घोडा तेवढा नव्हता.

फरक दिसला तो जवळून. प्रत्येकाच्या वाद्याला एक छोटा चिमटा होता आणि त्यात पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा छापील कागद. आमच्या गावच्या बँडवाल्यांच्या वाद्यावर मी जन्मात कधी कागद पाहिला नव्हता. तिथून जे डोक्यात शिरलं, ते पुढचे कित्येक वीकेंड खाऊन गेलं.

तर हा 'व्हिट फ्रायडे'. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या रविवारनंतरचा शुक्रवार. इथल्या मार्च स्पर्धा 1884 पासूनच्या. बँड बसमधून गावोगाव फिरतात. प्रत्येक गावात एक मार्च चालत वाजवायचा आणि मग उभं राहून दुसरा, परीक्षकासाठी. परीक्षक बिचारा पडदे लावलेल्या कॅरव्हॅनमध्ये कोंडलेला, कोण वाजवतंय हे त्याला दिसता कामा नये म्हणून. ब्लाइंड टेस्टिंग म्हणा ना!

हे बँड मुळात कामगारांचे. गिरण्या, खाणी, कारखाने. 1840 च्या दशकात अडोल्फ सॅक्सची सॅक्सहॉर्न घराण्यातली वाद्यं इंग्लंडात आली. तीन व्हॉल्व्ह, शिकायला सोपी, दिवसभर यंत्रावर राबलेल्या बोटांनाही जमणारी. 1853 साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत मोठी स्पर्धा झाली आणि मॉस्ली गावच्या बँडने ती जिंकली. दोनच वर्षांनी, 1855 ला, सगळ्यांनी एकच ठरलेली रचना वाजवायची असा नियम आला. आता सगळ्यांना एकच वाजवायचं तर ते कागदावर हवंच.

आता आपल्या कामाची गोष्ट, म्हणजे हा कागद लिहितात कसा. बास ट्रॉम्बोन आणि ताल सोडला तर सगळ्यांचे कागद एकाच ट्रेबल क्लेफमध्ये. कॉर्नेट असो की ढोलाएवढा ट्यूबा, कागदावर 'सा'ची जागा तीच आणि बोटंही तीच. बाहेर येणारा सूर वेगळा, पण ते वाजवणाऱ्याने बघायचंच नाही. समजा ट्यूबावाला आजारी पडला, तर हॉर्नवाला उचलतो ट्यूबा आणि वाजवतो. इंटरफेस एकच, इम्प्लिमेंटेशन वेगळं! आम्हाला हे कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर शिकवलं, या गिरणी कामगारांनी दीडशे वर्षांपूर्वी वापरून सोडलं होतं.

छापणाराही मिळाला. 1875 मध्ये लिव्हरपूलला 'राइट अँड राउंड' सुरू झालं. वर्षाची वर्गणी भरा, नवे मार्च, वॉल्ट्झ, ऑपेरातले तुकडे सुट्या पार्ट्समध्ये घरपोच. पूर्ण स्कोअर मात्र सहसा छापतच नसत, खर्च परवडत नसे. बँडमास्तर पहिल्या कॉर्नेटचा कागद समोर धरून सगळा बँड हाकायचा. बाकीच्यांनी काय वाजवायचं ते कानात!

सोलोचा प्रकार वेगळाच. एखादी साधी, सगळ्यांना ठाऊक असलेली चाल घ्यायची आणि दर फेरीला तिची वस्त्रं बदलत जायची. आधी दुप्पट, मग तिप्पट, शेवटी जीभ एवढी फिरते की एक माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही. पॅरिसच्या आर्बाँचं 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस' हा याचा नमुना. त्याचं 1864 चं शिकवणीचं पुस्तक कॉर्नेटवाले अजून रोज उघडतात. (आमच्या क्षेत्रातलं चार वर्षांपूर्वीचं पुस्तक रद्दीत जातं. असो.)

माझा जीव मात्र जॉर्ज अ‍ॅलनवर जडला. डरहॅम परगण्यातल्या शिल्डनचा, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात लोहारकाम करणारा माणूस. त्याने 'नाइट टेम्पलर', 'द विझर्ड', 'सेनेटर' असे मार्च लिहिले. 1930 मध्ये गेला. पुढे 1928 ला होल्स्टने आणि 1930 ला एल्गारने बँडसाठी रचना केल्या, ब्रास बँडला प्रतिष्ठा आली वगैरे सगळं खरं. पण त्या संध्याकाळी डॉबक्रॉसला एका बँडने 'नाइट टेम्पलर' उचलला आणि माझ्या हातावर काटा आला. लोहार जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झालेली आणि त्याने ठरवलेला प्रत्येक सूर जागच्या जागी!

खोलीवर परतताना मला आमच्या गावचे बँडमास्तर आठवले. आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. वरात निघताना ते एक मार्च वाजवायचे, त्यांनी स्वतः बसवलेला, कुठल्याही सिनेमातला नाही. मध्ये त्यांचा सोलो. तेवढ्यापुरते नाचणारेही थांबायचे. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ते गेले. मुलगा डीजे लावतो. कागद नव्हताच, सगळं मास्तरांच्या कानात.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांच्यासोबत क्लॅरिनेट वाजवणाऱ्या काकांना गाठलं. मोबाईलचा रेकॉर्डर चालू केला आणि म्हटलं, काका, मास्तरांचा मार्च गुणगुणा ना. काकांनी डोळे मिटले, दोनदा सुरुवात केली, दोनदा अडले. "पुढचं त्यांच्या कर्ण्याचं होतं रे," म्हणाले, "माझं नव्हतं." पुण्याला आल्यावर एक फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड केलं आणि नोटेशन लिहायला बसलो. आठ मात्रांच्या चार ओळी झाल्या. सोलोची जागा मोकळी सोडली आहे.