टकटक थांबली ती मुंबईत
टेबल टेनिसच्या बॅटचं रबर निवडायला मुलं आली की ती आधी वेगाचं विचारतात. मी बॅटवर चेंडू उडवायला लावतो: हाताला काय जाणवतं, कानाला काय ऐकू येतं? १९५२च्या मुंबईतल्या जागतिक स्पर्धेत खेळाडू इथेच गडबडले. तोवर दाणेदार रबराच्या टकटकीवरून फटक्याचा जोर ताडता येई. जपानच्या हिरोजी सातोच्या जाड स्पंजने तो आवाजच गिळला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून तो विश्वविजेता झाला. १९५९मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली. रबर-स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरपर्यंतच ठेवायची, असा नियम झाला. त्या मर्यादेतही नवशिक्याला मी पातळ स्पंजच सुचवतो. वेग थोडा कमी मिळतो, पण चेंडू ऐकतो.