झोटवाड्यातला तंबू

जयपूरच्या झोटवाडा भागात तंबू शिवणाऱ्या एका कारखान्यात मी गेलो होतो. जाड कॅनव्हास, दुहेरी छत, पुढे पडवी, मागे न्हाणीघर. कारागीर म्हणाला, "साब, ये अफ्रीका जाएगा." म्हणजे जंगलातल्या सफारी कँपसाठी. पाहुणा पलंगावर झोपणार आणि कापडापलीकडे सिंहाची डरकाळी ऐकणार.

सफारी हा स्वाहिली शब्द. त्याचं मूळ अरबी, म्हणजे आपल्या 'सफर'चा तो भाऊबंदच. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा तंबू वाहायला दोनशेच्या वर हमाल होते. पण त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८०९ मध्ये, याच जयपूर राज्यात कापडाचं अख्खं शहर फिरत होतं: दौलतराव शिंद्यांचं लष्कर.

त्या तळावर टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख. त्याची पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. मी स्वतः तळ मांडले आणि उठवले आहेत, त्यामुळे ती वाचताना माझं लक्ष मांडणीकडे गेलं. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी. (आपण 'बिनीचा शिलेदार' म्हणतो ती हीच बिनी.) त्या खुणेवर महाराजांची देवडी उभी राही. मग एकेका बाजाराचं निशाण ठरल्या क्रमाने लागे. दुकानांच्या दोन रांगा, मधून रस्ता, लांबी कधी तीन-चार मैल! सरदार उजव्या-डाव्या अंगाला उतरत. आज इथे, उद्या दहा कोसांवर, पण कोणाचं दुकान कुठे, हे विचारावं लागत नसे. हे काम सोपं नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सरदारांना डेरे आणि कनाती, दुकानदारांना पालं, आणि गरिबाच्या डोक्यावर फार तर काठ्यांवर टाकलेली घोंगडी. आपल्याकडे या लष्कराची व्याख्यानं होतात ती डेऱ्यातून. घोंगडीतून कोणी बोलत नाही, आणि ज्याच्या शेतात खुंट्या ठोकल्या, त्याच्या बाजूने तर नाहीच. एवढ्या घोड्यांना, बैलांना, उंटांना चारा कुठून येणार? आजूबाजूच्या गावांतूनच. पैसे देऊन? क्वचित. आम्हाला अकादमीत शिकवलं होतं की तळ उठला की मागे खुंटीसुद्धा राहता कामा नये. इथे मागे उभं पीकही राहत नसे. जयपूरचा माणूस मराठ्यांचं नाव निघालं की गप्प होतो, त्यामागे हेही आहे. आपण ते ऐकून घ्यायला हवं.

त्या वर्षी हे लष्कर टोंककडच्या दूनी या लहानशा किल्ल्यापुढे अडलं. रावराजा चांदसिंहाने दार उघडलं नाही. तोफा लागल्या, तरी हल्ला करून दूनी घेता आली नाही.

कारागिराने माझ्यासमोर तंबूची घडी घातली. प्रत्येक भागावर रंगाने आकडा होता, म्हणजे तिकडे उभारताना चूक नको. बिनीवाल्याला हे आवडलं असतं.

दूनीच्या वेढ्याबद्दल पुढच्या भागात बोलू.