घरांतील समुद्र

गोड्या पाण्यांतील शोभेचे मासे पाळण्याची कला चिनी लोकांस शेंकडों वर्षांपासून अवगत आहे. परंतु समुद्राचे जीव, पाणी वारंवार न बदलतां, घरांत जगविणें ही अवघ्या पावणेदोनशें वर्षांची गोष्ट होय. १८४६ सालीं ॲना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवाहून जिवंत पोवळीं लंडनला आणलीं. तेथें रोज ताजें समुद्रजल कोठून मिळणार? तेव्हां मोलकरणीनें उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतावें, असा नित्यक्रम सुरू झाला. आपण चहा निववितों तसाच हा प्रकार! त्या योगें हवा पाण्यांत मिसळे व पोवळीं तग धरीत. श्रेय बाईंना मिळालें. हात मात्र मोलकरणीचे दुखले असतील.

पुढें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें पाणवनस्पतींच्या प्राणवायूवर मासे जगतात हें दाखवून दिलें. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप गॉस यांचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला. मग काय विचारतां! घरोघर काचेच्या पेट्या आल्या, आणि त्या भरण्यासाठीं किनाऱ्यावरचीं खडकांतलीं डबकीं लोकांनीं अक्षरशः लुटलीं. या नासधुशीचें दुःख गॉस यांच्याच पुत्रानें, एडमंड यांनीं, १९०७ सालीं लिहून ठेवलें आहे.

इतकें करूनहि मासे मरतच. कारण एकट्या प्राणवायूनें भागत नाहीं. माशांच्या शरीरांतून अमोनिया हें विष पाण्यांत उतरतें, आणि तें पचविणारे सूक्ष्म जंतु पेटींत पुरेसे नसत. ही अडचण जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं फार साध्या रीतीनें दूर केली. त्यांनीं समुद्रांतले सच्छिद्र दगड, अंगावरील जीवसृष्टीसह, जसेच्या तसे पेटींत ठेवले. जोडीला ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. दगडांच्या छिद्रांतील जंतूंनीं पाणी राखलें. १९६१ सालीं त्यांचा लेख एका अमेरिकन मासिकांत छापून आला, आणि पोवळ्यांच्या खडकांतले मासे सामान्य माणसाच्या घरीं नांदूं लागले.

त्यांत लोकप्रिय ठरला तो हिरवा क्रोमिस. हा बोटभर लांबीचा मासा तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत आढळतो. शाखायुक्त पोवळ्यांवर त्याचे थवेच्या थवे तरंगत असतात. वरून सावली पडली कीं सारा थवा क्षणांत फांद्यांत दडतो. स्वभावानें शांत, अशी त्याची ख्याति आहे. परंतु लहान पेटींत सहासात क्रोमिस सोडावे, तर सबळ दुर्बळाला कोपऱ्यांत दामटतो. कांहीं महिन्यांत बहुधा एकदोनच उरतात. मग दुकानांतून नवे आणावयाचे. २००५ सालच्या नोंदींप्रमाणें अमेरिकेंत आयात होणाऱ्या शोभेच्या सागरी माशांत याचीच संख्या सर्वांत मोठी होती, आणि ते बहुतेक सारे समुद्रांतूनच धरून आणलेले होते.